बाकल्याला फुलं भरपूर, शेंगा नाहीत: औषध शोधण्याआधी पेरणीची तारीख बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घरामागच्या वाफ्यात पहिल्यांदाच बाकला लावला. रोपं कमरेइतकी झाली, पांढरी-काळी फुलं खालपासून वरपर्यंत लागली, पण शेंगा धरल्या त्या खालच्या दोन-तीन पेरांवरच. शेंड्यांवर काळा मावा बसलाय. ज्या थोड्या शेंगा मिळाल्या त्या तुम्ही चांगल्या जाड होऊ दिल्या, तरी दाणे शिजवल्यावर चामट आणि कडवट लागले. आता कोणतं औषध मारू, कोणतं खत घालू, की सगळं उपटून टाकू, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी जाता जाता एक ओळ आहे: ‘हा म्हणजे मोठा पावटाच ना?’

मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते. बाकीच्या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुधा तिथेच आहे.

हा पावटा नाही. ब्रॉड बीन्स, फाबा बीन किंवा बाकला या नावांनी ओळखली जाणारी ही भाजी म्हणजे व्हिसिया फाबा. आपण शेंगभाजी म्हटलं की वाल, पावटा, घेवडा, फरसबी एका टोपलीत टाकतो आणि ब्रॉड बीन्सचं भाषांतरही कधी वाल, कधी घेवडा असं केलेलं दिसतं. पण वाल-पावटा आणि घेवडा-फरसबी ही उबेत वाढणारी झाडं आहेत. बाकल्याचे सख्खे म्हणावेत असे नातेवाईक म्हणजे मटार, मसूर आणि लाख (लाखोळी डाळ). रोप नीट बघा. खोड चौकोनी आणि आतून पोकळ असतं, ते सरळ उभं वाढतं, वेल होत नाही आणि चढण्यासाठी तणावेही नसतात. पश्चिम आशियात आठ-दहा हजार वर्षांपासून माणूस हे पीक घेतो आहे आणि तिकडे ते हिवाळ्यातल्या ओलीवर वाढतं. थंडी ही त्याच्यासाठी अडचण नसून हंगाम आहे. पावट्याच्या हिशेबाने उबेत पेरलात तर रोप सुरेख वाढेल, फुलंही येतील, आणि नेमकं शेंगा धरायच्या वेळी ऊन त्याला गाठेल. तुमच्याकडे बहुतेक हेच झालंय.

मी सोळा वर्षं बाकला लावते आहे आणि पहिल्या वर्षी मीही हीच चूक केली होती. फरसबीच्या बिया टोकल्या त्याच दिवशी शेजारच्या वाफ्यात बाकलाही टोकला. चाळीसेक रोपं होती, सगळी हिरवीगार. त्यांच्यावरून शेंगा मिळाल्या अठरा. फुलं खाली पडलेली बघून मी खत घातलं, मग आणखी पाणी घातलं, मग कुणीतरी सुचवलं म्हणून फवारणी केली. रोप मागत होतं ते यातलं काहीच नव्हतं. त्याला दोन महिने आधी जमिनीत जायचं होतं.

आता हे गणित कसं मांडायचं ते सांगते. बाकल्याचं बी ५ ते ७ अंश सेल्सिअसच्या थंड मातीतही रुजतं, फक्त तीन-चार आठवडे घेतं. माती थोडी उबदार असेल तर दहा-बारा दिवसांत कोंब वर दिसतो. वाढ सगळ्यात छान होते ती १५ ते २० अंशांत. दिवसाचं तापमान सारखं २५ अंशांच्या वर राहायला लागलं की फूलगळ वाढते, आणि त्यात जमीन कोरडी पडली तर उरलीसुरली शेंगधारणाही जाते. माझ्या वाफ्यात पेरणीपासून पहिल्या फुलापर्यंत दीड ते दोन महिने लागतात आणि तिथून शेंगा भरायला आणखी महिना-सव्वा महिना. म्हणून मी पेरणीची तारीख पुढून मागे मोजते. उन्हाचा चटका साधारण कधी सुरू होतो ते बघायचं आणि तिथून किमान साडेतीन महिने मागे यायचं. बी त्या दिवसाच्या आधी जमिनीत पडलेलं असलं पाहिजे.

इथे एक गोष्ट मला तुमच्या प्रश्नातून कळलेली नाही, ती म्हणजे तुमच्याकडचा हिवाळा कसा असतो. उत्तर त्यावर बदलतं. हिवाळा सौम्य असेल, पाणी गोठत नसेल, तर थंडीची चाहूल लागताच पेरा आणि सगळा हिवाळा रोपाला वाढायला द्या. जमीन दगडासारखी गोठत असेल तर हिवाळा ओसरून माती कुदळीला दाद देऊ लागली, वाफसा आला, की त्याच आठवड्यात पेरा, कारण तुमच्याकडे उन्हाच्या आधीचा वेळ थोडाच आहे. आणि या दोन्हींच्या मधली स्थिती असेल, म्हणजे अधूनमधून दहिवर गोठतं पण माती खोलवर गोठत नाही, तर शरद ऋतूच्या अखेरीस पेरून रोपं बोट-दोन बोटं उंचीची झालेली असताना त्यांना थंडीत जाऊ द्या. कोवळं रोप शून्याच्या खालचे काही अंश सोसतं. रात्री मान टाकलेली दिसली तरी दुपारपर्यंत पुन्हा उभं राहतं. फार मोठं झालेलं, मऊ वाढलेलं रोप मात्र कडक थंडीत मोडतं, म्हणून अती लवकर पेरण्यातही शहाणपण नाही. शरदात पेरायचं असेल तर ॲक्वाडूल्स क्लॉडियासारखी थंडी सोसणारी जात घ्या.

तुमच्या रोपांवर नक्की काय झालं हे ताडून बघायला एक सोपी खूण आहे. एक खोड हातात धरा आणि खालून वर एकेक पेर बघत जा. खालच्या पेरांवर शेंगा आणि वर फक्त वाळलेले काळे फुलदेठ असतील तर सुरुवात बरी होऊन पुढे ऊन किंवा पाण्याचा ताण आडवा आला. उलट खालची पेरं रिकामी आणि वर शेंगा असतील तर पहिली फुलं उमलली तेव्हा हवा फार थंड होती, परागीभवन करणाऱ्या माश्या फिरकत नव्हत्या. तुमचं वर्णन पहिल्या प्रकारात बसतं. आणि एक लक्षात असू द्या: अगदी उत्तम वर्षीही बाकला आपली बहुतांश फुलं गाळतोच. एका झुपक्यातल्या पाच-सात फुलांपैकी दोनाच्या शेंगा झाल्या तर ते चांगलं पीक आहे. जमिनीवर पडलेली फुलं मोजून घाबरू नका.

माश्यांचा विषय निघालाच आहे तर फूल जरा जवळून बघा. बाजूच्या दोन पाकळ्यांवर मखमली काळा डाग असतो आणि त्यांच्यामध्ये परागकोश मिटलेले असतात. बंबलबी म्हणतात ते केसाळ, जाड भुंगे त्या पाकळ्यांवर बसले की वजनाने त्या खाली दबतात, आतला भाग उघडतो आणि परागीभवन होतं. काही फुलं भुंग्याशिवायही धरतात, पण भुंगे आले की शेंगा स्पष्टपणे वाढतात. कधी फुलाच्या बुडाशी बारीकसं भोक दिसेल. आखूड जिभेच्या माश्या समोरून न शिरता तिथून मध चोरतात, त्यातून फुलाला फार काही मिळत नाही. वाफ्यावर जाळी घातली असेल तर फुलं उमलताना ती काढा. आणि आता तुम्हाला कळेल की फुलोऱ्यात कीटकनाशक मारायला मी का नको म्हणते. माव्यासाठी मारलेलं औषध शेंगा धरवणाऱ्या भुंग्यांनाच आधी लागतं.

खताबद्दल. तुमची रोपं कमरेइतकी, गडद हिरवी आणि मऊ शेंड्यांची आहेत, म्हणजे नत्र आधीच मुबलक आहे. वरून आणखी नत्र दिलंत तर पानं वाढतील आणि माव्याला मेजवानी मिळेल. बाकला स्वतःचं नत्र स्वतः कमावतो. विश्वास बसायचा तर एक रोप मुळांसकट हलकेच खणून काढा आणि मुळं बादलीत धुवा. ज्वारीच्या दाण्याएवढ्या, कुठे एकमेकींना चिकटून झालेल्या गाठी दिसतील. त्यातली एक नखाने चिरा. आत गुलाबी-लालसर रंग दिसला तर गाठ काम करते आहे, हवेतलं नत्र बांधते आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर ती नुसतीच बसली आहे किंवा तिचं आयुष्य संपलं आहे. या गाठी करणारे जिवाणू मटार-मसूरवर चालतात तेच असतात, फरसबीचे वेगळे. त्यामुळे पूर्वी कधीच मटार न लावलेल्या जागेत बाकला पिवळट राहिला तर मी मटाराच्या जुन्या वाफ्यातली दोन-चार ओंजळी माती आणून बियांच्या ओळीत टाकते. बाकी पेरणीआधी चांगलं कुजलेलं कंपोस्ट मिसळलं की पुरे. त्याला जरा भारी, ओल धरणारी पण पाणी न साचणारी जमीन आवडते, आणि फार आम्ल माती मानवत नाही.

पेरणीचं तंत्र अवघड नाही. बी ५ सेंटीमीटर खोल टोका, दोन बियांत वीसेक सेंटीमीटर ठेवा. मी नेहमी जोडओळ करते, म्हणजे वीस-बावीस सेंटीमीटरवर दोन ओळी आणि पुढच्या जोडओळीपर्यंत ६० सेंटीमीटर मोकळं. जोडओळीतली रोपं एकमेकांना टेकून उभी राहतात. चार कोपऱ्यांना काठ्या रोवून भोवती दोन उंचीवर सुतळी फिरवली की वाऱ्याची चिंता मिटते. कुंडीत लावायचा असेल तर किमान ३० सेंटीमीटर खोल कुंडी आणि द सटनसारखी बुटकी जात बघा. बी रात्रभर भिजवावं का, असं बरेच जण विचारतात. माती थंड आणि ओली असेल तर भिजवू नका, भिजलेलं बी तिथे रुजण्याआधी कुजतं. या बियांची दोन्ही दळं मातीखालीच राहतात, त्यामुळे पक्ष्याने वरचा कोंब तोडला तरी खालून बऱ्याचदा नवा फुटतो. दोन आठवडे थांबल्याशिवाय ती जागा रिकामी समजू नका.

पाण्याबद्दल एवढंच सांगते. पहिला महिना-दीड महिना बेताने द्या. पहिलं फूल दिसलं की मात्र ओल तुटू देऊ नका. फुलोऱ्यापासून दाणे भरेपर्यंतच्या काळात एक आठवडा जरी जमीन भेगाळली तरी त्याची किंमत शेंगांत मोजावी लागते. आच्छादन घाला, बुंध्याशी पाणी द्या, पानांवर नको.

आता मावा. काळा मावा बाकल्यावर येणारच हे धरून चाला. तो बसतो शेंड्याच्या अगदी कोवळ्या भागावर, कारण तिथे सोंड सहज घुसते आणि रस गोड असतो. म्हणून शेंडा खुडणं हाच त्याच्यावरचा पहिला इलाज. कधी खुडायचा हे महत्त्वाचं आहे. सगळ्यात खालच्या शेंगा बोटाएवढ्या, म्हणजे साताठ सेंटीमीटरच्या झाल्या की वरचा आठ-दहा सेंटीमीटर शेंडा नखाने मोडून टाका. त्याआधी मोडलात तर पुढची फुलं जातील. फार उशीर केलात तर मावा खाली शेंगांवर उतरलेला असेल. खुडल्याने माव्याची बैठक जाते आणि रोपाची ताकद लागलेल्या शेंगांकडे वळते. मावा अजून लागला नसेल तर हे शेंडे टाकू नका, पालेभाजीसारखे शिजवून फार छान लागतात. लागला असेल तर पिशवीत भरून लांब नेऊन टाका. खाली उतरलेल्या माव्यावर पाण्याची जोरदार धार मारा, एक दिवसाआड तीन-चार वेळा. तरी आटोक्यात आला नाही तर सौम्य साबणपाणी, तेही संध्याकाळी आणि फुलं टाळून. ढालकिडे (लेडीबर्ड) दिसत असतील तर हात आवरा. त्यांच्या काळ्या-नारिंगी, मगरीसारख्या दिसणाऱ्या अळ्या माव्यावरच जगतात आणि लोक त्यांनाच कीड समजून मारतात, याचं मला दर वर्षी वाईट वाटतं.

मुंग्या दिसल्या की मावा आहेच असंही समजू नका. बाकल्याचं पान खोडाला जिथे जोडलेलं असतं तिथे छोट्या उपपर्णावर एक काळसर ठिपका असतो. ती मधाची ग्रंथी आहे, फुलाबाहेरची. मुंग्या आणि ढालकिडे तिच्यासाठीही येतात. शेंडा उलगडून बघितल्यावरच काय ते ठरवा.

बाकीच्या रोगांवर मी फार वेळ घालवत नाही. पानांवर चॉकलेटी ठिपके पडून ते पसरू लागले तर ती ओलसर, कोंदट हवेतली बुरशी आहे. दाटी कमी करा, हवा खेळू द्या, फार डागाळलेली पानं काढून टाका. हंगामाच्या शेवटी पानांवर तांबेरा येतो, तोवर पीक हाताशी आलेलं असतं. पानांच्या कडा टपालाच्या तिकिटासारख्या कातरलेल्या दिसल्या तर तो सोंडकिडा. जोमदार रोप त्याला पुरून उरतं.

आता चामट दाण्यांकडे येते, कारण इथे पिकाचा काही दोष नव्हता. शेंग जाड होऊ द्यायची हा हिशेब पुन्हा दुसऱ्या कडधान्याचा झाला. बाकल्याची शेंग बाहेरून फार काही सांगत नाही. एक शेंग शिवणीवरून उघडा. आत पांढऱ्या लोकरीसारखं मऊ अस्तर असतं आणि त्यात दाणे जणू गादीवर ठेवलेले असतात. एक दाणा उचला. ज्या ठिकाणी तो शेंगेला बारीक नाळेने जोडलेला होता तिथे एक आडवी खूण असते, मी तिला दाण्याचा डोळा म्हणते. हा डोळा हिरवा किंवा पांढरा असेल तर दाणा गोड आणि सालही कोवळी. डोळ्याची रेघ करडी-काळी झाली की साखरेचं पिठूळ होत चाललेलं असतं आणि साल जाड, तुरट व्हायला लागलेली असते. तुमच्या दाण्यांचे डोळे नक्की काळे असणार. तोडणीच्या दिवसांत मी दर तिसऱ्या दिवशी एक शेंग उघडून डोळा बघते आणि मगच तोडते. तोडताना खालून वर जा, कारण खालच्या शेंगा आधी भरतात. ओढून तोडू नका, पोकळ खोड चिरतं. कात्रीने कापा.

काळ्या डोळ्यांचे दाणे वाया गेले असं मात्र समजू नका. तुम्हाला लागलेला कडवटपणा जवळजवळ सगळा सालीत आहे. दाणे उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाका, लगेच गार पाण्यात काढा, सालीला टोकाशी नखाने चीर द्या आणि बोटांत दाबा. आतून दोन दळांचा पोपटी दाणा सटकन बाहेर येतो. रंग असा की पहिल्यांदा बघणारा माणूस थबकतो. काम वेळखाऊ आहे, घरातले दोन-तीन जण बसले तर सोपं जातं. कोवळे दाणे मी कधीच सोलत नाही, मोठे नेहमी सोलते.

इथवरचा मुद्दा एका वाक्यात: फुलं थंडीत आली पाहिजेत, शेंडा पहिल्या शेंगा बोटभर झाल्यावर गेला पाहिजे आणि शेंग डोळा काळा होण्याआधी तुटली पाहिजे.

खाण्याकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगणं मी माझी जबाबदारी समजते. कृपया हा परिच्छेद घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. काही माणसांच्या तांबड्या रक्तपेशींत जी-६-पीडी हे विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असतं. जगात अशी सुमारे ४० कोटी माणसं आहेत असा अंदाज आहे. एक्स गुणसूत्रावरचा दोष असल्याने मुलग्यांत आणि पुरुषांत त्याचा त्रास जास्त दिसतो. बाकल्यात व्हायसिन आणि कनव्हायसिन नावाचे घटक असतात. अशा माणसाने बाकला खाल्ला तर त्याच्या रक्तपेशी फुटू शकतात. याला फेविझम म्हणतात. खाल्ल्यानंतर साधारण एक-दोन दिवसांत थकवा, फिकटपणा, डोळे पिवळे होणं, गडद चहासारखी लघवी अशी लक्षणं दिसतात, आणि लहान मुलांत हे जिवावर बेतू शकतं. कच्चे, ताजे दाणे सगळ्यात धोक्याचे, पण शिजवले म्हणून ते अशा माणसासाठी सुरक्षित होत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईने खाल्ल्यामुळे बाळाला त्रास झाल्याचीही उदाहरणं आहेत. ही कमतरता १९५६ साली मलेरियावरच्या प्रायमाक्विन या औषधाचा काहींना त्रास का होतो याचा शोध घेताना उलगडली आणि आज ती साध्या रक्ततपासणीत कळते. घरात कुणाला काही औषधांनी किंवा बाळपणी अशी कावीळ-रक्तक्षय झाल्याचा इतिहास असेल तर तपासणी होईपर्यंत बाकला ताटात घेऊ नका. लक्षणं दिसली तर वाट न बघता रुग्णालय गाठा. शिवाय बाकल्यात, विशेषतः शेंगेच्या सालीत, लेव्होडोपा असतं, म्हणजे पार्किन्सनवर औषध म्हणून देतात तेच रसायन. पार्किन्सनचं औषध किंवा नैराश्यावरची एमएओ इनहिबिटर गटातली औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

ज्यांना ही अडचण नाही त्यांच्यासाठी हे झाड तीन वयांत तीन भाज्या देतं. बोटाएवढ्या शेंगा सालीसकट चिरून परतता येतात, फरसबीसारख्या. अस्तर लोकरी व्हायच्या आतच, म्हणजे आठवडाभराचीच ही संधी असते. मग येतात हिरवे दाणे. ते मी तीन-चार मिनिटं उकळते, पाणी काढते, आणि तेलात ठेचलेला लसूण गुलाबी झाला की त्यात टाकून मीठ, लिंबू. याहून जास्त काही केलं तर त्यांची स्वतःची चव दबते. मोठे सोललेले दाणे शिजवून घोटले की त्यांचं दाट, लोण्यासारखं मऊ मिश्रण होतं, ते कशालाही लावून खा. तिसरं वय वाळलेल्या दाण्यांचं. त्यात १०० ग्रॅममागे सुमारे २६ ग्रॅम प्रथिनं असतात. अख्खे दाणे रात्रभर, जुने असतील तर त्याहून जास्त वेळ भिजवावे लागतात. साल काढून डाळ केलेली असेल तर लवकर शिजते.

किती लावावा याचा अंदाज बरेच जण चुकतात. शेंगेच्या वजनात दाणे जेमतेम तिसरा हिस्सा असतात. एक किलो शेंगा सोलल्या की हातात तीनशे-साडेतीनशे ग्रॅम दाणे, साल काढली तर आणखी कमी. आम्हा चौघांना पाच-सहा वेळा पोटभर खायचं तर मी तीसेक रोपं धरते. तोडलेल्या शेंगा त्याच दिवशी सोला, दुसऱ्या दिवशी गोडी उतरते. जास्तीचे दाणे दोन मिनिटं उकळून, बर्फाच्या पाण्यात गार करून, कोरडे करून फ्रीजरमध्ये ठेवले तर कित्येक महिने टिकतात.

बी घरचं ठेवायचं असेल तर सगळ्यात जोमदार दोन-तीन रोपं आधीच दोरा बांधून ठेवा आणि त्यांच्या शेंगा तोडूच नका. त्या झाडावर काळ्या, चामड्यासारख्या होऊ द्या. भुंग्यांमुळे परपरागीभवन बरंच होतं, म्हणून बियाण्याच्या वर्षी एकच जात लावलेली बरी. वाळलेल्या दाण्यात गोल भोक दिसलं तर आत कडधान्यातला भुंगा होता. खडखडीत वाळवलेलं बी बंद बरणीत घालून आठवडाभर उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवलं तर लपलेले भुंगे मरतात आणि बी जगतं. बरणी बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडू नका, नाहीतर बियांवर दव धरतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, उभ्या रोपांचं काय करायचं. पुढचे पाच-सहा आठवडे थंड जाणार असतील तर माव्याचे शेंडे आज खुडा, पाणी नियमित करा आणि बुंध्यातून नवे फुटवे येत असतील तर थकलेली मुख्य खोडं जमिनीपासून वीतभर ठेवून छाटा. फुटव्यांवर थोडं दुसरं पीक मिळू शकतं. ऊन चढू लागलं असेल तर वाट बघू नका. ज्या कोवळ्या शेंगा आहेत त्या खाऊन टाका आणि रोपं उपटण्याऐवजी जमिनीलगत कापा, म्हणजे गाठींची मुळं मातीतच कुजतील. भरपूर शेंगा देणाऱ्या बाकल्याचं बरंचसं नत्र दाण्यांबरोबर घरात येतं आणि जमिनीत त्यामानाने कमी उरतं. तुमच्या रोपांनी फारशा शेंगाच धरल्या नाहीत, त्यामुळे ते नत्र बरंचसं पाला-खोडांतच आहे. रोगट आणि माव्याने भरलेला भाग वेगळा काढून बाकीचं बोटभर लांबीचे तुकडे करून वरच्या मातीत मिसळा, पाणी द्या, तीन-चार आठवडे कुजू द्या आणि त्या वाफ्यात पालेभाजी लावा. पुढचा बाकला दुसऱ्या वाफ्यात घ्या, आणि या जागी निदान तीन वर्षं मटारही नको.